कालची सेकंडहँड, आजची मॉडर्न क्लासिक

१४ ऑगस्ट १९८८ रोजी फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले. फेरारीच्या जुन्या गाड्यांचे भाव त्याआधीच चढत होते, त्यांच्या निधनानंतर ते उधळले. कर्ज सहज मिळत होतं, जपानमध्ये पैसा ओसंडून वाहत होता, आणि गाडी चालवण्यात काडीचाही रस नसलेली मंडळी ती घेऊन बंद गोदामात ठेवू लागली होती. १९९० च्या सुमारास व्याजदर चढले, जपानचा फुगा फुटला आणि लिलावात हात वर होईनासे झाले. चढ्या भावाला घेतलेल्यांना घातलेले पैसे परत दिसायला कित्येक वर्षं जावी लागली. शनिवार-रविवारी चालवायला एखादी ऐंशी-नव्वदच्या दशकातली गाडी, म्हणजे ‘मॉडर्न क्लासिक’, घ्यावी आणि दारात उभ्या उभ्या तिची किंमतही वाढावी, अशी इच्छा आज सर्रास ऐकू येते. या इच्छेचा इतिहास त्या तेजीपासून आणि त्या आपटीपासून सुरू होतो.

त्याआधी जुन्या गाड्या जमवणं हा वेगळाच प्रकार होता. ब्रिटनमध्ये १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब निघाला आणि त्याने १९३० अखेरची रेघ मारली: त्यानंतरची गाडी व्हिंटेज नाही. अमेरिकेतल्या क्लासिक कार क्लबनेही १९५२ मध्ये ठरावीक काळातल्या, ठरावीक गाड्यांची यादी धरली. या रेघा जागच्या हलत नव्हत्या. आंतरराष्ट्रीय जुन्या वाहनांचा महासंघ फिवा १९६६ साली स्थापन झाला. तो आज ऐतिहासिक वाहनासाठी किमान तीस वर्षं वयाची अट लावतो, म्हणजे ही रेघ दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. जर्मनीने १९९७ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळी नंबरप्लेट आणली, तिलाही तीसच वर्षं लागतात. या हिशेबाने १९९५ ची गाडीही आता त्यात बसते. पण वय झालं म्हणून भाव येत नाही. तीस वर्षं पूर्ण केलेल्या बहुतेक सेडान आज भंगारात आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणाला फारसं वाईटही वाटलेलं नाही.

भाव चढायला आधी चाहत्यांची एक पिढी लागते. पंधराव्या वर्षी ज्या गाडीचं चित्र भिंतीवर होतं, ती घेण्याइतका पैसा हातात यायला पंचवीस-तीस वर्षं जातात. नव्वदच्या दशकातल्या मुलांच्या बाबतीत भिंतीची जागा टीव्हीच्या पडद्याने घेतली. १९९७ च्या अखेरीस जपानमध्ये ‘ग्रान तुरिस्मो’ हा व्हिडिओ गेम आला आणि निसान स्कायलाइन जीटी-आर ज्या देशांत कधी विकलीच गेली नव्हती, तिथल्या पोरांनाही तिची टर्बोची आकडेवारी पाठ झाली. अमेरिकेत तर कायद्यानेच या ओढीला तारीख लावून दिली. तिथल्या नियमांनुसार न बनलेली परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की विनाबदल आयात करता येते. १९८९ ची आर३२ पिढीची जीटी-आर २०१४ मध्ये या अटीत बसली, १९९९ ची आर३४ २०२४ मध्ये. ही तारीख सगळ्यांना वर्षानुवर्षं आधीच ठाऊक असल्यामुळे भाव तिच्या कितीतरी आधी चढून बसले. आपल्याला कळलं म्हणजे इतरांनाही कळलेलं असतं, हे या बाजारात फार लवकर विसरलं जातं.

दुसरा धागा शर्यतींचा. रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या शर्यतींच्या ग्रुप ए या गटात उतरायचं तर त्या मॉडेलच्या पाच हजार गाड्या एका वर्षात बनवणं कंपनीला भाग होतं. बीएमडब्ल्यूची ई३० पिढीची एम३ त्यातूनच १९८६ मध्ये आली: २.३ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, चाकांवरच्या फुगवलेल्या कमानी, मागच्या काचेचा बदललेला कोन. फोर्डची सिएरा आरएस कॉसवर्थही त्याच नियमाचं अपत्य. लान्सिया डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं जागतिक रॅलीचं निर्मात्यांचं विजेतेपद पटकावलं. नियमाच्या सक्तीपोटी बनलेल्या या गाड्या सामान्य ग्राहकाच्या सोयीचा विचार करून बनल्या नव्हत्या, म्हणून तर आज त्या हव्याशा वाटतात. अर्थात, त्यांच्या किमती आता अशा आहेत की पावसाचा एक थेंब पडला तरी मालक गाडी बाहेर काढत नाही. वीकेंडच्या गाडीचा शोध इथे संपतो, असं माझं मत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: काहीतरी संपावं लागतं. पोर्शे ९११ चं हवेवर थंड होणारं इंजिन १९९८ मध्ये ९९३ या पिढीबरोबर थांबलं. पुढची ९९६ पाण्यावर थंड होणारी. तिचे हेडलाइट पोर्शेच्याच स्वस्त बॉक्स्टरसारखे, आणि इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग निकामी होऊन अख्खं इंजिन गेल्याच्या कहाण्या सगळीकडे पसरलेल्या. २००८ च्या आर्थिक संकटानंतर व्याजदर तळाला गेले, पैसा पुन्हा जुन्या गाड्यांकडे वळला आणि हवेवरच्या ९११ आवाक्याबाहेर गेल्या. ९९६ मात्र कित्येक वर्षं कुणी विचारत नव्हतं. तेव्हा बेअरिंग बदलून, नीट कागदपत्रांसकट ज्याने ती घेतली त्याने ९११ च चालवली, आणि नंतर भावही तिच्याकडे वळलाच.

गिअरबॉक्सचंही तेच झालं. फेरारीने १९९७ मध्ये एफ३५५ ला स्टिअरिंगमागच्या पॅडलचा गिअरबॉक्स दिला. तेव्हा ते भविष्य होतं आणि ग्राहकांनी ते आनंदाने स्वीकारलं. पुढच्या मॉडेलांत मॅन्युअल कमी खपल्या, म्हणून आज मॅन्युअललाच जास्त भाव. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांत केवळ गिअरच्या दांड्यामुळे मोठी तफावत पडते. पण याचा नियम करायला जाल तर बीएमडब्ल्यूची २००३ ची एम३ सीएसएल आडवी येते. ती फक्त एसएमजी या स्वयंचलित क्लचच्या गिअरबॉक्ससह बनली, तरी साध्या मॅन्युअल एम३ पेक्षा कितीतरी महाग. साधारण चौदाशे गाड्या, कमी केलेलं वजन आणि इंजिनाचा श्वास घेतानाचा तो आवाज, एवढं पुरलं.

वीकेंडला ऐंशी-नव्वदच्या गाड्यांचीच पिढी सोयीची का, याचं उत्तर कारखान्यात आहे. जस्ताचा थर दिलेला पत्रा पोर्शेने सत्तरच्या दशकाच्या मध्यात आणि ऑडीने ऐंशीच्या दशकात वापरात आणला, त्यामुळे गंजाची साठ-सत्तरच्या गाड्यांसारखी दहशत राहिली नाही. कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. महिनाभर उभी असलेली गाडीही बॅटरी नीट असेल तर पहिल्या किल्लीत सुरू होते. एबीएस आहे, एसी आहे. त्याच वेळी पडदे, सेन्सर आणि संगणकांचं जाळं अजून गळ्याशी आलेलं नाही. मात्र जे इलेक्ट्रॉनिक आहे तेही म्हातारं होतंच. नव्वदच्या पूर्वार्धातल्या काही मर्सिडीजमधल्या वायरिंगचं आवरण उष्णतेने कडक होऊन गळून पडायचं. पत्रा चकचकीत आणि आत वायर उघड्या, असा सौदा फोटोत कधी दिसत नाही.

याच कारणाने माझा कल माझदा एमएक्स-५ सारख्या साध्या गाडीकडे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये ती आली, २०१६ पर्यंत तिच्या सगळ्या पिढ्या मिळून दहा लाख बनल्या. इतक्या गाड्या असताना दुर्मिळतेचा भाव मिळणार नाही, हे खरं. पण पहिल्या पिढीतल्या धड राहिलेल्या, न छेडलेल्या गाड्या दरवर्षी कमी होत आहेत, आणि सुटे भाग मिळतात. वाढीव किमतीवर डोळा ठेवणारा रनिंग वाढू नये म्हणून गाडी उभी ठेवतो. उभ्या गाडीत रबरी सील सुकतात, पेट्रोल जुनं होतं, ब्रेक अडकतात, आणि टायर झिजण्याआधीच वयाने बाद होतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे, म्हणजे आठवडा आणि वर्ष, पाहिले तर मालकाने गाडी खरोखर कशी वापरली हे सर्व्हिस बुकापेक्षा स्पष्ट कळतं. विमा, जागा, देखभाल आणि महागाई वजा केल्यावर या वर्गातल्या फार थोड्या गाड्या खरा नफा देतात. बहुतेकींचा फायदा एवढाच की नव्या गाडीसारखी त्यांची किंमत ढासळत नाही.

सुट्या भागांकडे कंपन्यांचंही लक्ष गेलं ते याच काळात. २०१७ मध्ये निसानने आर३२ जीटी-आरचे बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले, माझदाने त्याच वर्षी पहिल्या एमएक्स-५ च्या पुनर्बांधणीची योजना जाहीर केली, आणि टोयोटाने पुढे जुन्या सुप्रांसाठी तेच केलं. २०१८ मध्ये पोर्शेने आपल्या ९५९ या जुन्या मॉडेलच्या क्लचची रिलीज लिव्हर थ्रीडी प्रिंटरवर धातूची भुकटी वितळवून बनवल्याचं सांगितलं. तीनशेच्या आसपास बनलेल्या गाडीसाठी ओतकामाचा साचा परवडत नव्हता.