मा लाँग की झांग जिके: हा वाद आला कुठून

पिढीतला सगळ्यात मोठा टेबल टेनिस (टीटी) खेळाडू कोण, चीनचा मा लाँग की चीनचाच झांग जिके, हा तो वाद. दोघंही १९८८ चे. झांग जिके फेब्रुवारीतला, चिंगदाओचा. मा लाँग ऑक्टोबरमधला, आनशानचा. मध्ये फक्त आठ महिने, त्यामुळे "याला उतारवयातले प्रतिस्पर्धी मिळाले आणि त्याला ऐन भरातले" ही पळवाट इथे चालत नाही, आणि म्हणूनच टीटीवाल्यांमध्ये हा वाद इतकी वर्षं झाली तरी मिटत नाही. मी मा लाँगवाला आहे हे आधीच सांगून टाकतो. पण २०१२ साली मला विचारलं असतं तर झांगच म्हणालो असतो, तेही क्षणाचा विचार न करता.

आणि "पिढीतला" हा शब्द उगाच आलेला नाही. टीटीमध्ये थोड्या थोड्या वर्षांनी खेळच बदलतो, मग आजोबांची नातवाशी तुलना कशी करणार? हंगेरीचा व्हिक्टर बार्ना १९३० ते १९३५ मध्ये पाच वेळा सिंगल्सचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, पण साध्या दाणेदार रबराच्या बॅटने. मग १९५२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप आपल्या मुंबईत झाली, आशियातली पहिलीच, आणि तिथे जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला. तोपर्यंत सगळ्यांना बॉलचा टक-टक आवाज ऐकून फटक्याचा अंदाज घ्यायची सवय, आणि याच्या बॅटचा आवाजच येईना! भले भले गडबडले आणि सातो टायटल घेऊन गेला. पुढे १९५९ मध्ये स्पंजवर नियम आले. नंतरही तेच: २००० मध्ये बॉल ३८ चा ४० मिलिमीटर, २००१ मध्ये २१ पॉइंटचा गेम ११ वर, २००८ मध्ये बॅटला रबर चिकटवायच्या, फटक्याचा वेग वाढवणाऱ्या स्पीड ग्लूवर बंदी, २०१४ मध्ये सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचा बॉल. हा शेवटचा बदल लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

तर झांग आणि मा लाँग. यांच्या मध्ये एक तिसरा माणूस आहे, वांग हाओ, ज्याच्याशिवाय ही गोष्ट समजतच नाही. तोही चीनचाच, पेनहोल्डवाला, म्हणजे बॅट पेनासारखी धरणारा, दोन्ही बाजूंनी मारणारा, २००९ चा वर्ल्ड चॅम्पियन. मा लाँग २००९ मध्ये योकोहामाला सेमीफायनलमध्ये हरला, कोणाकडून, वांग हाओकडून. २०११ ला रॉटरडॅम, सेमीफायनल, वांग हाओ. २०१३ ला पॅरिस, सेमीफायनल, परत वांग हाओ. तीनदा तीच भिंत. आणि २०११ आणि २०१३ मध्ये त्याच वांग हाओला फायनलमध्ये पाडलं कोणी, तर झांगने! तेव्हा लोक म्हणायचे की मा लाँगचा हात सोन्याचा आहे पण मोठ्या मॅचला छाती लागते ती याच्याकडे नाही. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

झांगचं मात्र सगळं उलटं. छोट्या ओपन स्पर्धांमध्ये कोणाकडूनही हरायचा आणि मोठ्या स्टेजवर अंगात आल्यासारखा खेळायचा. रॉटरडॅमला जिंकल्यावर अंगातला शर्ट फाडला. त्याच वर्षी वर्ल्ड कप, मग २ ऑगस्ट २०१२ ला लंडनमध्ये ऑलिम्पिक गोल्ड, तिन्ही फायनलमध्ये समोर वांग हाओच. वर्ल्ड चॅम्पियनशिप, वर्ल्ड कप, ऑलिम्पिक, म्हणजे टीटीवाले ज्याला ग्रँड स्लॅम म्हणतात ते, ४४५ दिवसांत. इतक्या लवकर ते कोणीच केलेलं नव्हतं. (बिचाऱ्या वांग हाओचं ते ऑलिम्पिक सिंगल्समधलं सलग तिसरं सिल्व्हर, २००४, २००८, २०१२. त्याच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.)

लंडनच्या सिंगल्समध्ये मा लाँग होताच कुठे? नव्हताच. बीजिंग २००८ ला चीनने पुरुष आणि महिला दोन्ही सिंगल्सची सगळी मेडल्स स्वतःच नेली, त्यानंतर एका देशाचे सिंगल्सला दोनच खेळाडू असा नियम झाला. रँकिंगमध्ये एक नंबरला जाऊन आलेला मा लाँग त्यामुळे फक्त टीममध्ये खेळला. म्हणून "झांगकडे तेव्हा ऑलिम्पिक होतं आणि मा लाँगकडे नव्हतं" हे वाक्य बरोबर आहे पण अर्धं आहे.

पारडं फिरलं ते २०१४-१५ मध्ये. ऑक्टोबर २०१४, ड्युसेलडॉर्फ, वर्ल्ड कपची फायनल, हेच दोघं, सात गेमची मॅच. झांग ४-३ ने जिंकला आणि त्या आनंदात कोर्टाच्या कडेच्या जाहिरातीच्या फळ्या लाथेने फोडत सुटला. एक फोडली, मग पलीकडे जाऊन दुसरी. ४५ हजार डॉलरचं बक्षीस त्यात गेलं. ते त्याचं शेवटचं मोठं सिंगल्स टायटल ठरलं. पुढच्या वर्षी चीनमध्ये सूझोला मा लाँग आपल्याच देशाच्या फांग बोला हरवून पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि मग २०१७, २०१९, लागोपाठ तीन. असं आधी चीनच्याच च्वांग त्सदोंगने केलं होतं, १९६१, ६३, ६५ ला. २०१७ च्या फायनलला चीनच्याच फॅन झेंडाँगविरुद्ध शेवटचा गेम १२-१०, तो बघताना मी खुर्चीत बसलोच नाही.

झांगवाले इथे प्लास्टिकचा बॉल काढतात. झांगची खरी ताकद बॅकहँड फ्लिक, सर्व्हिस टेबलवरच उचलून फिरवून मारायची, आणि नव्या बॉलला फिरकी कमी, म्हणजे त्याचं हत्यारच बोथट झालं. यात तथ्य आहे, शिवाय दुखापतीही होत्या. पण बॉल सगळ्यांनाच बदलला की हो. आणि मा लाँगने २०१२ चा वर्ल्ड कप जुन्या बॉलनेच घेतला होता.

रिओ २०१६ च्या ऑलिम्पिक सिंगल्सची फायनल पुन्हा याच दोघांची, आणि मा लाँगने ती ४-० ने घेतली. पहिला गेम १४-१२ झाला, तेवढीच काय ती लढत, पुढचे तीन ११-५, ११-४, ११-४. नंतर २०१९ ला गुडघ्याचं ऑपरेशन, आणि तरी टोकियोत परत सिंगल्स गोल्ड. आपल्या शरथ कमलने तिथे त्याच्याकडून एक गेम घेतला आणि पुढचा ११-१३ ने घालवला, तो बसला असता तर काय झालं असतं यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून भांडणं होतात. टोकियोच्या आधी जपानी टीव्हीने ताकद, वेग, तंत्र, सर्व्हिस, बचाव, अनुभव असा षटकोनी आलेख दाखवला होता, त्यात मा लाँगचे सहाही कोपरे भरलेले. तेव्हापासून चीनमध्ये त्याला षटकोनी योद्धा म्हणायला लागले.

मग कोणीतरी स्वीडनचा वाल्डनर काढतोच. १९८९ आणि १९९७ चा वर्ल्ड चॅम्पियन, बार्सिलोनाचं गोल्ड, आणि चिनी लोक ज्याला लाडाने लाओ वा म्हणतात तो. पण तो वाद वेगळा, त्याची पिढी वेगळी, बॉलही वेगळा.

पॅरिस २०२४ ला मा लाँग ३५ वर्षांचा होता. ओपनिंगला चीनचा झेंडा त्याच्या हातात. सिंगल्सला देशाचे दोनच, फॅन झेंडाँग आणि वांग चूछिन, म्हणजे लंडनसारखाच तो परत फक्त टीममध्ये. टीम गोल्ड आलं, त्याचं सहावं ऑलिम्पिक गोल्ड. झांगकडे तीन आहेत.