डीव्हीआर : कोकण किनाऱ्यावरील जुनी-नवी यंत्रे आणि त्यांचे दोषशोधन

डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, बोलीत डीव्हीआर : कॅमेऱ्याकडून किंवा डिश अँटेनाकडून आलेले चित्र अंकीय रूपात हार्डडिस्कवर साठवणारे आणि मागाहून हवा तो दिवस, हवी ती वेळ काढून दाखवणारे यंत्र. मुळात ते टीव्हीसाठी जन्मले. १९९९ मध्ये अमेरिकेत टिव्हो आणि रिप्लेटीव्ही ही यंत्रे बाजारात आली. भारतात २००८ मध्ये टाटा स्काय प्लसचा कार्यक्रम साठवणारा सेट-टॉप बॉक्स आला. कोकणात मात्र आज डीव्हीआर म्हटले की सीसीटीव्हीचा डबाच समजतात, आणि त्याचे कारण इथल्या घरांत आहे. डहाणूपासून शिरोड्यापर्यंत वाड्यावाड्यांत वर्षाचा बराच काळ कुलूप असलेली घरे आहेत. माणसे मुंबईला नोकरीधंद्यात, गावी येणे गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. मागल्या दारी कोण आले, वाऱ्याने कौले सरकली का, कलमांखाली रात्री बॅटरी घेऊन कोण फिरते, हे चाकरमान्याला खोलीवर बसून मोबाईलवर दिसावे म्हणून हे यंत्र पडवीत आले.

या यंत्राबद्दल एक गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी. पडद्यावर चित्र दिसणे आणि ते डिस्कवर उतरणे ही दोन वेगळी कामे आहेत. डिस्क पूर्ण मेली तरी थेट चित्र चालूच राहते. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका बागायतदारांच्या मांगरातून (बागेतल्या कोठारवजा घरातून) भर हंगामात आंब्याच्या पेट्या चोरीला गेल्या, तेव्हा मी तो डीव्हीआर उघडला. चारही चौकटींत स्वच्छ चित्र होते. ‘टीव्हीर तर सगळा दिसता,’ बागायतदार आजोबा पुन्हा पुन्हा सांगत होते. प्लेबॅकच्या दिनदर्शिकेत रेकॉर्डिंग असलेल्या तारखांवर रंगीत खूण असते. ती शेवटची खूण आदल्या दिवाळीतली होती. डबा उघडला तर डिस्कच्या वायरीच्या टोकावर हिरवट कीट चढला होता आणि खाली काळ्या मुंग्यांनी अंडी घातली होती. सहा महिने घरातली माणसे रोज त्या पडद्याकडे बघत होती आणि यंत्र काहीच लिहून ठेवत नव्हते. कोकणातल्या डीव्हीआरच्या तक्रारी बघता बघता माझे मत असे झाले आहे की नवे-जुने हा प्रश्न दुसरा, रेकॉर्डिंग होते आहे का हा पहिला.

जुने आणि नवे

डीव्हीआर येण्यापूर्वी कॅमेऱ्यांचे चित्र व्हिडिओ कॅसेटवर संथ गतीने उतरवीत. पहिल्या पिढीच्या डीव्हीआरने कॅसेट घालवली, पण चित्र तेवढेच पुसट राहिले. सीआयएफ या मापात ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपके. पुढे आलेल्या डी-१ मध्ये ७०४ गुणिले ५७६. आजच्या साध्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्यात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. सीआयएफच्या सुमारे वीसपट. जुन्या चित्रात गेटवर कोणीतरी आले एवढे कळते; तो आपला गडी होता की परका, गाडीचा नंबर काय, हे कळत नाही. ज्याला ओळख पटवायची आहे त्याने जुन्या डब्यावर पैसे घालू नयेत.

बदल वायरीत झाला नाही, वायरीतून जाणाऱ्या संकेतात झाला. २०१२ ते २०१४ या काळात एचडी-सीव्हीआय, एचडी-टीव्हीआय आणि एएचडी या पद्धती आल्या आणि त्याच कोअ‍ॅक्सियल वायरीवरून, वायरीच्या टोकाच्या त्याच बीएनसी जोडावरून मोठे चित्र जाऊ लागले. यातूनच बाजारात सर्वांत जास्त पैसे वाया जातात. नव्या डीव्हीआरला, ज्याला दुकानदार एक्सव्हीआर म्हणतात, जुना अ‍ॅनालॉग कॅमेरा बहुधा चालतो. उलटे मात्र होत नाही : जुन्या डीव्हीआरला नवा एचडी कॅमेरा जोडला की पडदा काळा राहतो किंवा आडव्या रेघा नाचतात. कॅमेरा खराब निघाला असे समजून तो परत नेला जातो. पुष्कळशा कॅमेऱ्यांच्या वायरीवर एक छोटी कळ असते, तिने किंवा मेनूतून कॅमेरा जुन्या सीव्हीबीएस पद्धतीवर आणता येतो. चित्र येते, पण जुन्याच दर्जाचे.

वायर तीच चालते याचा अर्थ कसलीही वायर चालते असा नव्हे. हलक्या प्रतीच्या किंवा पाणी शिरलेल्या वायरीवर जुने चित्र थोडे मळकट व्हायचे, पण यायचे. नव्या पद्धतीत अशा वायरीवर आधी रंग जातो. भर दुपारी चित्र काळे-पांढरे दिसू लागले तर कॅमेऱ्याआधी वायरीवर आणि सांध्यांवर संशय घ्यावा.

चित्र दाबून कमी जागेत साठवण्याच्या पद्धतीही बदलल्या. २००३ ची एच.२६४ आणि २०१३ ची एच.२६५ यांत दुसरीला त्याच दर्जासाठी साधारण निम्मी जागा लागते. हिशेब सोपा आहे. एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला ४ मेगाबिटने लिहिले तर दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात, चार कॅमेऱ्यांचे १७३ जीबी. एक टेराबाइटची डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते आणि यंत्र जुने पुसून नवे लिहू लागते. एच.२६५ वर २ मेगाबिट ठेवले तर हीच डिस्क अकरा-साडेअकरा दिवस पुरते. गावी महिन्याने येणाऱ्या माणसाला चोरीची तारीखच माहीत नसते, म्हणून इथे चित्राच्या झळाळीपेक्षा दिवसांची संख्या महत्त्वाची. मोठी डिस्क जुन्या डीव्हीआरला लावण्याआधी त्याची मर्यादा पाहावी. अनेक जुनी यंत्रे एक-दोन टेराबाइटपलीकडची डिस्क ओळखत नाहीत, आणि फार जुन्यांत तर डिस्क जोडायला आयडीई या जुन्या पद्धतीची रुंद पट्टी असते, तिला आजची, साटा या बारीक जोडाची डिस्क बसतच नाही.

एनव्हीआर, म्हणजे नेटवर्क व्हिडिओ रेकॉर्डर, हा वेगळा प्रकार : कॅमेरा स्वतःच चित्र अंकीय करतो आणि लॅनच्या, म्हणजे संगणक जोडण्याच्या वायरीवरून पाठवतो, वीजही त्याच वायरीतून जाते. एका ओढीची मर्यादा १०० मीटर. घरापासून लांब बागेत ती अपुरी पडते, म्हणून सध्या सिमकार्डवर आणि सौर पॅनेलवर चालणारे, आत मेमरी कार्ड असलेले कॅमेरे कलमांत दिसू लागले आहेत. त्यांचा दोष उघड आहे : चोराने कॅमेरा नेला की रेकॉर्डिंगही गेले. राखणीला ते जोड म्हणून ठीक, डीव्हीआरच्या जागी नाहीत.

दोष कुठे शोधावा

खारी हवा, तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस आणि ये-जा करणारी वीज या तिघांचे काम किनाऱ्यावर एकत्र चालते. त्यामुळे बिघाड बहुतेक वेळा डब्याच्या बाहेर असतो.

एका चौकटीत ‘व्हिडिओ लॉस’ आले तर त्या कॅमेऱ्याची वायर डीव्हीआरच्या दुसऱ्या, चालू असलेल्या छिद्रात लावून पाहावी. अंधार कॅमेऱ्याबरोबर सरकला तर दोष कॅमेरा, वायर किंवा विजेत. अंधार जागीच राहिला तर डीव्हीआरचे छिद्र गेले. ही अदलाबदल दोन मिनिटांची आहे आणि अर्धे प्रश्न तिनेच सुटतात. बीएनसीचा पितळी जोड हिरवा झाला असेल तर घासून उपयोग नाही, कापून नवा लावावा. बाहेरचे सांधे उघडे किंवा नुसत्या इन्सुलेशन टेपमध्ये गुंडाळलेले नसावेत. पहिल्या पावसात टेप सुटतो. ते जंक्शन बॉक्समध्ये घ्यावेत, आणि बॉक्समध्ये शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पागोळीचे पाणी वायरीवरून आत न जाता झोळाच्या टोकाला ठिबकते. लॅनच्या जोडात तर वीजही असते, तिथे ओल लागली की तांबे फार वेगाने खाल्ले जाते.

दिवसा दिसणारा कॅमेरा संध्याकाळी जातो आणि सकाळी आपोआप येतो, ही तक्रार इथे नेहमीची. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते, आणि लांबच्या बारीक वायरीत १२ व्होल्टचे शेवटी दहाही उरत नाहीत. मल्टिमीटर एसएमपीएसपाशी (कॅमेऱ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी) न लावता रात्री कॅमेऱ्यापाशी लावावा. उपाय म्हणजे जाड वायर, किंवा त्या कॅमेऱ्याला जवळून वेगळा अ‍ॅडॅप्टर. एसएमपीएसचा जाळीदार डबा भिंतीवर असतो आणि त्याच्या उबेला पाली येतात. पावसाळ्यात सगळे कॅमेरे एकदम गेले तर आधी वीज बंद करून तो उघडावा.

डीव्हीआर कंपनीचे चिन्ह दाखवतो, बंद पडतो, पुन्हा चिन्ह दाखवतो. अशा वेळी डिस्कची वायर काढून चालू करावा. नीट चालला तर डिस्क खराब आहे किंवा अ‍ॅडॅप्टर थकला आहे, कारण साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना दीड-दोन अँपिअर ओढते आणि थकलेला अ‍ॅडॅप्टर तिथेच बसतो. आधी अ‍ॅडॅप्टर बदलावा, तो स्वस्त आहे. डिस्क घेताना सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्यावी. संगणकातली जुनी डिस्क पुसून नवी म्हणून लावण्याचे प्रकार होतात. ते पकडता येते : डीव्हीआरच्या मेनूत डिस्कच्या प्रकृतीचे पान असते, त्यात ती एकूण किती तास चालली ते लिहिलेले असते. वर्षाचे तास ८,७६०. ‘नव्या’ डिस्कवर तीस हजार तास असतील तर ती सुमारे साडेतीन वर्षे कुठेतरी राबून आली आहे.

हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, अशी सोय जागा वाचवते. पण नारळाच्या झावळ्या हलत असतील किंवा कोळ्याने काचेपुढे जाळे विणले असेल तर यंत्र रात्रभर तेच लिहीत बसते. इन्फ्रारेड उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. महिन्यातून एकदा केरसुणी फिरवणे हा त्यावरचा उपाय आहे. शिवाय ‘ओव्हरराइट’, म्हणजे जुने पुसून नवे लिहिण्याची सोय, बंद असेल तर डिस्क भरल्यावर लिहिणे थांबते, हेही पाहून घ्यावे.

मोबाईलवर ‘ऑफलाइन’ दिसण्याचे कारण अनेकदा नवा राउटर असते. तांब्याच्या तारेवरून फायबरवर आल्यावर राउटरचा पत्ता बदलतो आणि डीव्हीआर जुन्याच पत्त्यावर वाट पाहत राहतो; त्यात डीएचसीपी, म्हणजे राउटरकडून पत्ता आपोआप घेण्याची सोय, चालू केली की बहुधा जुळते. जुने डीव्हीआर राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून बाहेरून बघावे लागत, आणि सिमकार्डच्या राउटरवर ते सहसा जमत नाही. नवे क्यूआर कोडने जोडतात. जुन्यांचे वेबपान इंटरनेट एक्सप्लोररवरच चाले. तो २०२२ मध्ये निवृत्त झाला. पासवर्ड मात्र दोन्हींत बदलावाच. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवलेले डीव्हीआर आणि कॅमेरे लाखोंनी ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच मदतीने अमेरिकेतल्या मोठ्या संकेतस्थळांची वाट अडवली गेली.

टीव्हीच्या रेकॉर्डर बॉक्सबद्दल थोडक्यात : डिशचा संकेत के-यू नावाच्या लहरींच्या पट्ट्यातला असतो आणि जोराच्या सरीत तो क्षीण होतो, त्यामुळे जुलैतल्या रेकॉर्डिंगमध्ये पडलेली खिंडारे डिस्कचा दोष नव्हेत. साठवलेले कार्यक्रम त्या बॉक्सशी बांधलेले असतात. डिस्क दुसऱ्या बॉक्सला लावली तर ती फॉरमॅट करायला सांगते.

पाणी, वीज आणि पुरावा

वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात वीज वायरीवरून आत येते. जांभ्याच्या कोरड्या कातळात अर्थिंग नीट बसत नाही, म्हणून गडगडाट सुरू होताच प्लगबरोबर बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या वायरीही काढणे हाच खात्रीचा बचाव. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी बुडालेला डीव्हीआर उन्हात वाळवून चालू करण्याचा मोह होतो. तसे केल्यास गाळ तबकड्यांवर चिकटतो. आतले रेकॉर्डिंग हवे असेल तर डिस्क ओलसरच पिशवीत बंद करून डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावी. डीव्हीआर खाली ओटीवर न ठेवता माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, पण कौलांच्या उन्हापासून दूर ठेवावा.

चोरी झाल्यावर यंत्राचे घड्याळ महत्त्वाचे ठरते. आतली सीआर २०३२ ची बटणासारखी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि खऱ्या तारखेला शोधले तर काहीच सापडत नाही. तेव्हा सर्वांत जुन्या तारखांतही शोधावे. जुनी यंत्रे फॅट-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच ओळखतात. रेकॉर्डिंगची फाइल बाहेर काढली की तिच्याबरोबर ती दाखवणारा प्लेअर प्रोग्रामही घ्यावा. न्यायालयात अशी प्रत देताना प्रमाणपत्र लागते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूळ उपकरण हजर केले नसल्यास ते आवश्यक ठरवले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये बदल झाला तर बदलणारा तिचा ठसा-आकडा, द्यावे लागते. डीव्हीआरचे घड्याळ सतरा मिनिटे पुढे असेल तर ते दुरुस्त करू नये. आधी मोबाईलची वेळ आणि पडद्यावरची वेळ एकाच फोटोत घ्यावी, फरक पंचनाम्यात लिहून घ्यावा, आणि डिस्क फिरत राहून पुसली जाण्याआधी काढून बाजूला ठेवावी.