हिवाळी अयनदिन आणि २५ डिसेंबरचा गुंता

नाताळ हा मूळचा सूर्योत्सवच, असे दर डिसेंबरात बिनदिक्कत सांगितले जाते. प्रत्यक्षात युरोपातील ख्रिस्तीपूर्व परंपरांचा पुरावा विखुरलेला आहे आणि त्याचे सगळे धागे एकाच दिवसाशी येऊन मिळत नाहीत.

त्यातला सर्वांत जुना पुरावा दगडांत आहे. आयर्लंडमधील न्यूग्रेंजची समाधी इ. स. पूर्व ३२०० च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही काही शतके आधी, बांधली गेली. तिच्या दाराच्या वर मुद्दाम वेगळा झरोका ठेवलेला असून, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या, म्हणजे हिवाळी अयनदिनाच्या, आसपास उगवत्या सूर्याची तिरीप त्यातून शिरते, सुमारे १९ मीटर लांबीच्या अरुंद वाटेने आतल्या दालनापर्यंत पोहोचते आणि साधारण १७ मिनिटांनी मावळते. उत्खनन करणारे मायकेल ओ'केली यांनी २१ डिसेंबर १९६७ रोजी आत थांबून हे दृश्य पाहिले. बांधणाऱ्यांनी लेखी काहीच मागे ठेवलेले नाही. तेव्हा तिथल्या विधींविषयी छातीठोकपणे बोलणाऱ्यांपासून जरा सावधच राहावे.

रोमविषयी मात्र लेखी साधने भरपूर आहेत. १७ डिसेंबरला सुरू होणाऱ्या सॅटर्नेलियात शनिदेवाच्या, म्हणजे सॅटर्नच्या, मूर्तीच्या पायांना वर्षभर बांधलेली लोकरीची बंधने सोडली जात, एरवी निषिद्ध असलेला जुगार उघडपणे चाले, मालक गुलामांसह जेवत किंवा त्यांना वाढत, आणि मेणबत्त्या व मातीच्या छोट्या मूर्ती भेट दिल्या जात. हा सण अयनदिनाच्या जवळ येई, पण तो सूर्याचा नव्हता. सूर्याचे मोठे मंदिर सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये उभारले. इ. स. ३५४ च्या एका रोमन संग्रहात २५ डिसेंबरला 'अजिंक्याचा' (बहुधा अजिंक्य सूर्यदेवाचा) जन्मदिन नोंदवला आहे, तर त्याच संग्रहातील दुसऱ्या यादीत ख्रिस्तजन्माचीही तीच तारीख आहे. कोणी कोणाकडून घेतले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. २५ मार्चला मानलेल्या येशूच्या गर्भधारणेपासून नऊ महिने मोजून ती तारीख आली, असेही एक मत आहे.

मुळात २५ का, याचे उत्तर पंचांगात आहे. ज्युलियस सीझरचे ज्युलियन पंचांग लागू झाले तेव्हा अयनदिन परंपरेने २५ डिसेंबरला धरला जाई. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनीही तीच तारीख देतो. त्या पंचांगाचे वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटे मोठे असल्याने अयनदिन हळूहळू मागे सरकला, तारीख तिथेच राहिली. आपली मकरसंक्रांतही प्रत्यक्ष उत्तरायणारंभापासून आज सुमारे तीन आठवडे दूर आहे, अर्थात तिचे कारण वेगळे, अयनचलनाचे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू दिशा बदलत असल्याचे.

उत्तर युरोपातील यूल हा हिवाळी सण तर अयनदिनाचा होता असे सरळ म्हणताच येत नाही. तेराव्या शतकात आइसलंडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन याने लिहिल्याप्रमाणे तो पूर्वी हिवाळ्याच्या मधोमध येणाऱ्या रात्री, म्हणजे बहुधा जानेवारीच्या मध्याला, सुरू होई. दहाव्या शतकातील नॉर्वेचा ख्रिस्ती राजा हाकोन याने तो नाताळाच्या वेळी आणला आणि प्रत्येकाने ठरावीक मापाची बिअर गाळून ती संपेपर्यंत सण पाळावा, असा कायदा केला. सजवलेला वृक्ष, जो हमखास 'प्राचीन' म्हणून दाखवला जातो, त्याच्या नोंदी जर्मनभाषक प्रदेशात सोळाव्या शतकाच्या आसपास ठळकपणे दिसू लागतात.