आठ टक्क्यांवर अडकलेला पीसी

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर जेमतेम १०-१२ टक्के दिसतो, आणि तरी गेम अडखळतो, एक्सेलचा मॅक्रो चालता चालत नाही. मग प्रोसेसर निर्दोष समजायचा का? एएमडी कंपनीचा २०१७ सालचा प्रोसेसर, रायझन ५ १६०० घ्या. कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) सहा, थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा) बारा. एखाद्या कामाने त्यातला एकच थ्रेड पुरता जुंपला, तरी एकूण वापर भरतो १०० भागिले १२, म्हणजे साधारण ८ टक्के. उरलेले अकरा हात बांधून बसलेले असतात. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसरचे, म्हणजे थ्रेडचे, बारा चौकोन बघता येतात. पण विंडोज तेच काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असतं, त्यामुळे एकच चौकोन काठोकाठ भरलेला दिसेल असंही नाही.

संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच हे गणित मांडलं होतं. कामाचा ६० टक्के भाग वाटून करता येत नसेल, तर कोअर कितीही वाढवा, वेळ मूळच्या ६० टक्क्यांखाली जाणार नाही. अशा कामाला जास्त कोअर नकोत, एकेक कोअर वेगवान हवा. आणि तो वेग गिगाहर्ट्झवरून, म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात त्यावरून, कळत नाही. इंटेलचा २००४ मधला पेंटियम ४ सुद्धा ३.८ गिगाहर्ट्झवर धावत होता. २०२२ चा रायझन ५ ५६०० जास्तीत जास्त ४.४ पर्यंत जातो. फरक पडलाय तो एका ठोक्यात होणाऱ्या कामात. शिवाय १६०० मध्ये १६ एमबी एल-३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ८-८ च्या दोन गटांत विभागलेली होती, ५६०० मध्ये ३२ एमबी सहाही कोअरना सामाईक आहे. हवी ती माहिती कॅशमध्ये सापडली नाही की रॅमपर्यंत हेलपाटा पडतो आणि त्यात प्रोसेसरचे शेकडो ठोके वाया जातात. गेमना मोठी कॅश मानवते ती यामुळेच.

तरीही प्रोसेसर हा शेवटचा संशयित धरावा. विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर पुढचं वाचायचीही घाई नको. ७२०० आरपीएमच्या तबकडीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, वर वाचणारा हात हलवायचा वेळ. विखुरलेल्या फाइली वाचताना सेकंदाला शंभरेक वाचनं म्हणजे डोक्यावरून पाणी. तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या साध्या साटा एसएसडीला त्याच वेळात हजारो जमतात. रॅम ८ जीबी असून सतत भरलेली असेल, किंवा एकच पट्टी असेल, तर तीच आधी वाढवा. गेमसाठी एक सोपी चाचणी आहे: रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढल्या तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसरचा.

आता प्रश्न सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचा. इंटेलच्या सहाव्या आणि आठव्या पिढीला पिनांची संख्या तीच, ११५१. पण जोडणी वेगळी, त्यामुळे सहाव्या पिढीच्या बोर्डवर आठवी चालत नाही. चौथ्या पिढीच्या आय-५ वाल्यांनी जुना आय-७ शोधत बसू नये. चार थ्रेड वाढतील, कोअर त्याच पिढीचे राहतील आणि रॅमही डीडीआर-३ च. तिथे एसएसडी टाकून गप्प बसावं, पैसे नव्या बोर्डसाठी साठवावेत.

एएमडीच्या एएम-४ सॉकेटवाले मात्र नशीबवान. २०१७ च्या बऱ्याच बी३५० बोर्डवर बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डमधला प्रोग्राम) अपडेट करून ५६०० बसतो. १६०० आणि ५६०० दोन्ही ६५ वॉटचे, म्हणून पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलची सीपीयू यादी बघा, रिव्हिजन क्रमांकासकट. कंपनीचा तयार ब्रँडेड पीसी असेल तर तसा बायोस बहुधा मिळतच नाही. आणखी एक खड्डा: ५६०० मध्ये पडद्यावर चित्र दाखवणारा ग्राफिक्सचा भाग नाही. आजवर ग्राफिक्स असलेल्या रायझन २२००जी वर मॉनिटर चालवत असाल आणि वेगळं कार्ड नसेल, तर ५६००जी घ्यावा लागेल. त्यात एल-३ कॅश निम्मी, १६ एमबी. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत १६०० नाही, ५६०० आहे, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काहींना एवढंच कारण पुरेल.

बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बदलायचा. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर बायोसची फाइल घ्या आणि पीसी यूपीएसवर ठेवा. मध्येच लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर आधी तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर प्रोसेसर बदलल्यावर तोच दारात अडवेल.

सगळ्यात जास्त नुकसान होतं कूलर काढताना. एएम-४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वरून धरून ठेवणारी चौकट नसते. कूलर आणि प्रोसेसरमधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या, वाळलेल्या पेस्टमुळे कूलर सरळ ओढला की सॉकेटचा खटका बंद असतानाही प्रोसेसर चिकटून उपसून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं एखादं जड काम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, पीसी बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा, कूलर डावी-उजवीकडे पिळा आणि सुटला की मगच उचला. चारही स्क्रू सुटले की बोर्डामागची पट्टी मोकळी होते, तिला मागून बोट लावून ठेवा.

खटका उघडून जुना प्रोसेसर काढा. नवा ठेवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. दाबावा लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय. मग खटका बंद, वाटाण्याएवढी पेस्ट, आणि स्क्रू तिरके समोरासमोर, थोडे थोडे.

पहिल्यांदा चालू केल्यावर एक-दोन मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. रॅमची जुळवणी चाललेली असते, घाबरून बटण दाबू नका. एफटीपीएमबद्दल (प्रोसेसरमधली कुलपांच्या किल्ल्या जपणारी तिजोरी) विचारलं तर, बिटलॉकरची व्यवस्था केलेली असल्यास, वाय दाबा. शेवटी बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, पुन्हा चालू करा: अपडेटनंतर ते बंद होतं, ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत राहते आणि नवा प्रोसेसर बिचारा उगाच शिव्या खातो.