कोवळ्या पायांचा बिल्ला: स्काऊटच्या पहिल्या पायरीची पार्श्वभूमी

शाळेच्या पथकात नाव घातलं म्हणून मूल लगेच स्काऊट होत नाही. आधी काही सभांना हजर राहायचं, वचन आणि नियम नुसते पाठ न करता समजून घ्यायचे, खूण, सलामी आणि डाव्या हाताचं हस्तांदोलन शिकायचं, घरी महिनाभर रोज एक सत्कृत्य करून त्याची डायरी ठेवायची. मग दीक्षाविधीत सगळ्या पथकासमोर वचन घ्यायचं आणि ‘प्रवेश’चा बिल्ला मिळवायचा. त्यानंतर किमान सहा महिन्यांनी प्रथम सोपान येतो: दोर, प्रथमोपचार, खाणाखुणा, शिट्टीचे इशारे. पुढे द्वितीय, तृतीय, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. पेपरात फोटो छापून येतो तो या शेवटच्या टप्प्याचा. पण चळवळीचा सगळा इतिहास साठवलेला आहे तो पहिल्या पायरीत.

या बिल्ल्याचं मूळ इंग्लंडच्या एखाद्या शाळेत शोधायला जावं, तर ते सापडतं मेरठच्या छावणीत. 1897 मध्ये, पुढे स्काऊट चळवळ सुरू करणारे रॉबर्ट बेडन-पॉवेल हे 5व्या ड्रॅगून गार्ड्स या घोडदळ पलटणीचे प्रमुख म्हणून भारतात आले. टेहळणी करणाऱ्या शिपायांसाठी त्यांनी वेगळं प्रशिक्षण सुरू केलं आणि त्यात उत्तीर्ण होणाऱ्याला एक खास चिन्ह द्यायला सुरुवात केली. होकायंत्रावर उत्तर दिशा दाखवणारं बाणासारखं टोक, तेच ते चिन्ह. ज्याला वाट सापडते आणि जो दुसऱ्याला वाट दाखवतो, त्याची ही निशाणी. आज जगभरच्या स्काऊटांच्या छातीवर जी त्रिदल कमळासारखी आकृती दिसते, ती हीच.

पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, बेडन-पॉवेल राखत असलेल्या माफेकिंग गावाला वेढा पडला. 217 दिवसांच्या त्या वेढ्यात निरोप पोहोचवण्याची कामं गावातल्या मुलांनी चोख केली. जबाबदारी टाकली तर मुलं ती पेलतात, हे बेडन-पॉवेल यांनी तिथे पाहिलं. 1907 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर विसेक मुलांचं शिबिर घेतलं. त्यात बड्या घरची मुलं होती आणि पूल-बोर्नमथ भागातल्या कामकरी घरांतलीही. चार संघ पाडले: लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे. प्रत्येकाला ते पितळी चिन्ह मिळालं. मग गाठी, माग काढणं आणि राष्ट्रध्वज या तीन विषयांत परीक्षा झाली. उतरेल त्याला चिन्हाखाली लावायला आणखी एक पितळी पट्टी मिळाली. तिच्यावर ‘तयार राहा’ या अर्थाचं इंग्रजी ब्रीदवाक्य होतं. स्काऊटमधल्या परीक्षा आणि बिल्ल्यांची परंपरा इथून धरायला हरकत नाही.

1908 च्या सुरुवातीला ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे त्यांचं पुस्तक पंधरवड्याला एक अशा सहा भागांत निघालं आणि मुलांनी आपणहून संघ बनवायला सुरुवात केली. त्यात पहिल्या पायरीला नाव होतं ‘टेंडरफूट’. अमेरिकेच्या पश्चिमेकडे खाणीत किंवा गुरांच्या राखणीत नव्याने आलेल्या माणसाला तिकडचे लोक असं म्हणत. ज्याचे पाय अजून कोवळे आहेत, घट्टे पडलेले नाहीत, तो. मला हे नाव फार आवडतं. त्यात नवखेपणाची हेटाळणी नाही. पाय चालून चालून घट्ट होतील, एवढंच त्यात गृहीत धरलेलं आहे.

टेंडरफूटकडून मागितलं होतं तरी काय? नियम, खूण आणि सलामी माहीत हवी. ब्रिटिश ध्वज कसा बनला आणि तो सुलटा कसा फडकवायचा हे सांगता यायला हवं (त्या ध्वजाला सुलट-उलट आहे, हे नीट निरखल्याशिवाय कळत नाही). आणि ठरवून दिलेल्या गाठींपैकी चार मारता यायला हव्यात: रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन, फिशरमन्स नॉट, शीपशँक वगैरे. बस्स. खरी कसोटी पुढच्या पायरीला होती. दोनच काड्यांत चूल पेटवायची, तिच्यावर पाव पौंड मांस आणि दोन बटाटे शिजवायचे, बारा मिनिटांत एक मैल जायचं, आणि बचत बँकेत निदान सहा पेन्स शिल्लक दाखवायचे. आपल्याकडच्या ‘खरी कमाई’ची, म्हणजे मुलांनी लहानसहान कामं करून पैसे मिळवण्याच्या उपक्रमाची, आठवण करून देणारी ही शेवटची अट आहे. पण पहिली पायरी मुद्दाम सोपी ठेवलेली होती. तिथे कुणाला गाळायचं नव्हतं, आत घ्यायचं होतं. शर्यत इतर मुलांशी नव्हती, कालच्या स्वतःशी होती.

भारतात मात्र ही सोपी पायरी भारतीय मुलांना बंद होती. 1909 मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळुरात पहिलं पथक काढलं, ते ब्रिटिश आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. तेव्हा आपल्या लोकांनी आपली दारं उघडली. श्रीराम बाजपेयी यांनी 1913 मध्ये शाहजहानपूरला भारतीय मुलांचं पथक सुरू केलं. मद्रासेत ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी 1916 च्या सुमारास भारतीय मुलांसाठी संघटना काढली. अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. मध्य प्रांतात, म्हणजे तेव्हाच्या नागपूर राजधानीच्या मुलखात, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले व्हिव्हियन बोस यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. मराठीत स्काऊटला ‘बालवीर’ आणि गाईडला ‘वीरबाला’ हे शब्द रुळले. मुलींचं पहिलं पथक तर 1911 मध्येच जबलपूरला निघालं होतं.

1937 मध्ये दिल्लीत अखिल भारतीय जांबोरी, म्हणजे स्काऊटांचा मोठा मेळावा झाला. बेडन-पॉवेल स्वतः हजर होते. पण मायदेशी परतल्यावर भारतीयांविषयी त्यांनी काढलेले अनुदार उद्गार इथे पोहोचले आणि संताप उसळला. कितीतरी जण बेडन-पॉवेल यांची मूळ संघटना सोडून गेले आणि हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. ज्या माणसाने नियमांत स्काऊट सर्वांचा मित्र असतो असं लिहिलं, त्याच्याकडून हे व्हावं याचं वाईट वाटतं. पण त्याची पद्धत आपल्या लोकांनी टाकली नाही, ती आपलीशी केली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एक व्हाव्यात म्हणून पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांनी खटपट केली. 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी गाईड्सही तिच्यात आल्या. टेंडरफूटच्या जागी आपल्याकडे प्रवेश आणि सोपान आले. सोपान म्हणजे पायरी, जिना. ज्ञानदेवांच्या धाकट्या भावाचं नाव असलेला हा शब्द मराठी कानाला परका वाटत नाही. खुद्द ब्रिटनने 1960 च्या दशकातल्या फेररचनेत टेंडरफूट हे नाव सोडून दिलं. अमेरिकेत ते अजून आहे, पण 2016 पासून त्याच्याआधी ‘स्काऊट’ ही वेगळी पायरी धरली जाते, आपल्या प्रवेशसारखीच.

1908 ची यादी आणि आजची यादी शेजारी ठेवून पाहिली, तर गाठी जवळजवळ त्याच आहेत. दोन सारख्या जाडीचे दोर जोडायला रीफ, जाड-बारीक जोडायला शीट बेंड, खांबाला बांधायला क्लोव्ह हिच. ध्वजाचा प्रश्नही तोच आहे: तो कसा बनला, कसा फडकवायचा? फक्त उत्तर बदललं. आता मुलगी सांगते की केशरी वर, चक्राला 24 आरे, लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2. आणि वचनात जिथे पूर्वी राजा होता, तिथे ती ‘देश’ म्हणते.