पॅटागोनियातले वेल्श : आधी जमीन, मग नागरिकत्व

वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठातील लूसी टेलर यांचं सुरुवातीचं संशोधन चिले आणि अर्जेंटिनातल्या नागरिकत्वावर होतं. पुढे त्या अर्जेंटिनाच्याच दक्षिणेकडे, पॅटागोनियातल्या वेल्श वसाहतीकडे वळल्या. ही कथा सहसा गोड करून सांगितली जाते: भाषा वाचवायला समुद्रापार गेलेले गरीब लोक, स्थानिक आदिवासींशी जमलेली त्यांची मैत्री, आणि आज गायमान गावातल्या चहाघरांत पर्यटकांपुढे येणारा केक. टेलर यांना त्या मैत्रीखालचे सत्तासंबंध तपासायचे होते. आपल्या देशात दबलेले लोक दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन मालक होतात, तेव्हा त्यांना काय म्हणायचं?

ते दबलेले होते, याबद्दल वाद नाही. १८४७ मध्ये सरकारने वेल्समधल्या शिक्षणावर अहवाल काढला. वेल्श न येणाऱ्या तीन इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यात लोकांच्या मागासलेपणाचं खापर त्यांच्या भाषेवर आणि चॅपलवर (त्यांच्या प्रार्थनाघरांवर) फोडलं. १८५९ च्या निवडणुकीनंतर जमीनदारांनी आपल्या मर्जीप्रमाणे मत न देणाऱ्या कुळांना शेतांवरून हुसकावलं. बाला इथले धर्मशिक्षक मायकल डी. जोन्स यांच्या आईचंही शेत गेलं. जोन्स अमेरिकेत ओहायोत राहून आले होते आणि तिथे गेलेले वेल्श लोक बघता बघता इंग्रजीत विरघळताना त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांना जागा हवी होती ती इंग्रजीपासून लांब, ‘रिकामी’.

अर्जेंटिनालाही अशीच माणसं हवी होती. १८५३ च्या राज्यघटनेचं २५ वं कलम युरोपीय स्थलांतराला उत्तेजन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. पॅटागोनियावर चिलेचाही दावा होता, आणि नकाशावरच्या दाव्याला वजन येतं ते तिथे शेती करणाऱ्या माणसांमुळे. गृहमंत्री गिर्येर्मो रॉसन यांनी चुबुत नदीकाठची जमीन देऊ केली. २८ जुलै १८६५ रोजी ‘मिमोसा’ जहाजातून सुमारे दीडशे जण उतरले. वसाहतीच्या पहिल्या गावाला मंत्र्याचंच नाव पडलं.

ती जमीन रिकामी नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘तेवेलचे’ या आदिवासी जमातीचे सरदार आंतोनियो यांनी वसाहतीच्या पुढाऱ्याला पत्र पाठवलं. आशय असा: तुम्ही सरकारशी बोलणी केलीत हे आम्हाला ठाऊक आहे, पण मालक आम्ही आहोत, आमच्याशीही बोला. पुढे ब्रेडच्या बदल्यात मांस, कातडी आणि पिसं असा व्यापार सुरू झाला. शिकार कशी करायची हेही वेल्श लोक आदिवासींकडूनच शिकले. मैत्री खरी होती. मात्र जमिनीच्या मालकीची कागदपत्रं आली ती ब्युनॉस आयर्सच्या सरकारकडून.

१८७८ पासून अर्जेंटिनाच्या जनरल रोका यांच्या सैन्याने पॅटागोनिया ‘जिंकायला’ घेतला. १८८३ मध्ये वसाहतीने लष्कराला पत्र लिहून आपल्या आदिवासी शेजाऱ्यांसाठी रदबदली केली. मार्च १८८४ मध्ये आदिवासींच्या हल्ल्यात तीन वेल्श तरुण मारले गेले. चौथा, जॉन डॅनियल इव्हान्स, आपल्या घोड्यामुळे वाचला. हाच इव्हान्स नंतर वाल्चेता इथून जात असताना त्याला तारांच्या कुंपणाआड कोंडलेले आदिवासी दिसले. त्यांच्यातल्या एकाने ‘बारा’ म्हणजे ब्रेड मागितला, वेल्शमध्ये. तो त्याचा लहानपणचा सवंगडी निघाला. इव्हान्स त्याला सोडवायला पुन्हा गेला तोवर तो मेला होता. आठवणींत हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय, मनापासून. पण तोच इव्हान्स १८८५ मध्ये राज्यपाल फोंताना यांच्या मोहिमेबरोबर पश्चिमेला अँडीजपर्यंत गेला, आणि नुकत्याच मोकळ्या केलेल्या खोऱ्यात नवी वस्ती उभी राहिली. मला वाटतं, वसाहतकार भले होते की वाईट हा वाद इथे निरर्थक ठरतो.

राज्यसत्तेनं मग वेल्श लोकांनाही सोडलं नाही. सुरुवातीला त्यांची स्वतःची घटना होती, निवडून दिलेलं मंडळ होतं, कारभार वेल्शमध्ये चालायचा. १८८४ च्या कायद्याने चुबुत केंद्रशासित प्रदेश झाला आणि राज्यपाल वरून येऊ लागला. तरुणांना रविवारी लष्करी कवायत सक्तीची झाली; प्रार्थनेचा वार पाळणाऱ्यांना ते सोसेना. १९०२ मध्ये दोनशेहून अधिक जण कॅनडाला निघून गेले, त्याला आधीचे पूरही कारण होते. त्याच वर्षी चिलेबरोबरच्या सीमावादात ब्रिटिश मध्यस्थ थॉमस होल्डिच यांनी अँडीजमधल्या त्या नव्या वस्तीत, ट्रेवेलिनजवळच्या शाळेत, रहिवाशांना कोणत्या देशात राहायचं ते विचारलं, तेव्हा त्यांनी अर्जेंटिनाचं नाव घेतलं. गंमत म्हणजे ज्यांच्या शब्दाने देशाचा दावा भक्कम झाला, त्यांना केंद्रशासित प्रदेशात राहत असल्यामुळे राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क नव्हता. चुबुतला प्रांताचा दर्जा १९५५ मध्ये मिळाला.

तेवेलचे आणि मापुचे या आदिवासी जमातींना तर सीमेबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. आदिवासी समाज राष्ट्राच्याही आधीपासून इथे आहेत, हे अर्जेंटिनाच्या घटनेत आलं १९९४ च्या दुरुस्तीनंतर. २५ वं कलम मात्र अजूनही त्याच घटनेत आहे.