वॉशखालचा रंग का उखडतो?

विमाने आणि रणगाडे यांच्या प्लास्टिक प्रतिकृती रंगवणाऱ्यांमध्ये एक समजूत घट्ट रुजलेली आहे: खालचा रंग हाताला कोरडा लागला की वर कोणताही वॉश खुशाल द्यावा. वॉश म्हणजे द्रावकात अगदी पातळ केलेला गडद रंग. तो पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषांत केशाकर्षणाने शिरतो आणि त्या रेषा उठून दिसतात. खालचा थर टिकेल की नाही, हे मात्र वॉशमधला द्रावक आणि थरातील बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) यांचे किती जुळते यावर ठरते.

हे जुळणे मोजण्यासाठी रसायनशास्त्रात द्राव्यता प्राचल वापरतात. पदार्थाचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, हे त्या आकड्यावरून कळते. पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचा आकडा सुमारे 18.5; द्रावकांपैकी टोल्युइनचा 18.2, हेक्झेनचा 14.9, तर पाण्याचा जवळजवळ 48. आकडे जवळ असले की द्रावकाचे रेणू बहुवारिकाच्या साखळ्यांमध्ये घुसतात, साखळ्या फुगतात आणि एकमेकींपासून सुटतात. हार्डवेअरच्या दुकानातील एनसी थिनरचा (टोल्युइनसारखे द्रावक असलेल्या, रंग पातळ करण्याच्या द्रवाचा) थेंब थर्माकोलवर टाकला की क्षणात खड्डा पडतो. थर्माकोल आणि प्रतिकृतीचे प्लास्टिक, दोन्ही मुळात पॉलिस्टायरिनच.

एनॅमल रंग हवेतील ऑक्सिजन घेऊन साखळ्यांमध्ये आडवे बंध बांधत पक्का होतो आणि त्याला कित्येक दिवस लागतात. तोवर वरून कोरडा दिसणारा थर टर्पेंटाइनने सहज सुटतो. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे सूक्ष्म कण मात्र पाणी उडताच एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनतात. त्यावर टर्पेंटाइनचा फारसा परिणाम होत नाही, अल्कोहोलचा होतो. म्हणून खाली अ‍ॅक्रिलिक, त्यावर चकचकीत वार्निश आणि मग टर्पेंटाइनमधला तैलरंगाचा वॉश, हा क्रम रसायनाला धरून आहे. मॅट पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत रंगद्रव्य अडकून डाग राहतात. वार्निशवरून जादा वॉश टर्पेंटाइनने किंचित ओलसर केलेल्या बोळ्याने पुसता येतो.

‘कोणत्याही थरावर निर्धोक’ अशी जाहिरात करणाऱ्या बाटल्यांवर विश्वास ठेवू नये, कारण एका बहुवारिकापासून दूर असलेला द्रावक दुसऱ्याच्या जवळ असू शकतो.

न रंगवलेल्या प्लास्टिकवर तर विशेष जपावे. दाबून बसवलेल्या सांध्यात आधीच ताण असतो. तिथे साचलेला वॉश प्लास्टिक विरघळवत नाही, पण ताणलेल्या साखळ्यांमध्ये झिरपून सूक्ष्म भेगा वाढवतो आणि एखादी खुंटी नंतर नुसत्या बोटाच्या दाबाने तुटते.